चार नावांचं द्राक्ष

माझा नवरा एका संध्याकाळी जेवून उठला आणि "आमटी छान झाली होती" म्हणाला. त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली.

यात संशय घेण्यासारखं काय आहे, असं ज्यांना वाटेल त्यांनी माझ्या सासरी चार दिवस राहून यावं. सासर पुण्याचं. तिथे स्वयंपाकाच्या कौतुकाला एकच शब्द आहे, तो म्हणजे "बरं". जीव ओतून भरली वांगी करावीत, ताटात मसाल्याचा थेंब उरू नये, आणि सासऱ्यांनी हात धुताना म्हणावं, "आज बरं झालं होतं." याच्या वर पायरी नाही. नवरा त्याच मुशीतला. सिंगापूरला आला, पर्मनंट रेसिडेंट झाला, मरीन परेडला कॉन्डोत राहायला लागला, पण त्याच्या "बरं"चं कधी "छान" झालं नव्हतं. मला त्याचं वाईटही वाटत नसे. ते "बरं" खरं असायचं, म्हणून ते मिळवायला मी मर मर मरायचे.

त्यात त्याचं नाक. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं की याला आमच्या गॅसवर काय चाललंय ते कळायचं. आत येऊन बूट काढायच्या आधी सांगायचा, "हिंग जास्त पडलाय आज," किंवा "खोबरं खवट निघालं वाटतं." दूध उतू जाणार असलं की हॉलमधून ओरडायचा. या नाकाने मला वैताग आणलेला होता आणि त्याच नाकाच्या भरवशावर मी निर्धास्त असायचे.

आणि आता हे छान. आमटी छान, भाजी छान, उरलेला भात फोडणीला टाकला तोही छान. एकदा मी मुद्दाम हिंग नाही, गोडा मसाला नाही, अशी नुसती हळदमिठाची आमटी त्याच्यापुढे ठेवली. दोन वाट्या ओरपून म्हणाला, "छान." मला तर घास गिळवेना. असल्या पाणचट आमटीला पुण्याचा माणूस छान म्हणतो तेव्हा त्याचं लक्ष जेवणावर नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे, हे उघड होतं. आता ते कुठे आहे एवढंच शोधायचं होतं.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा होता हे इथेच सांगून टाकते. पाया लेबारला एका बँकेच्या ऑफिसात मी काम करायचे. खातं उघडायला आलेला माणूस जो आहे म्हणून सांगतो तोच आहे ना, हे बघायचं. एकच माणूस इकडे एका स्पेलिंगने, तिकडे दुसऱ्या आडनावाने, तिसरीकडे नुसत्या आद्याक्षरांनी वावरताना सापडला की आमच्या विभागात दिवाळी. दिवसभर असल्या लोकांच्या मागे लागायचं आणि घरी आल्यावर तो स्वभाव पर्ससारखा खुंटीला अडकवायचा, हे मला कधी साधलं नाही. मुलगी तेव्हा सेकंडरीत होती. ती म्हणायची, "आई, धिस इज होम लाह, नॉट युअर ऑफिस."

पण ऑफिसात असते तर याहून कमी पुराव्यावर मी वरिष्ठांना जाऊन भेटले असते. त्याचं दचकणंच घ्या. मी कामावरून येऊन स्वयंपाकघरात शिरले आणि तो पाठमोरा चहा करत असला तर असा दचकायचा की गाळणं हातातून पडायचं. इतक्या वर्षांत तो कधी दचकला नव्हता. मागे न बघता "आलीस?" म्हणायचा. दचकतं कोण? ज्याच्या मनात काहीतरी असतं तो.

मग धुराचे दिवस आले. त्या वर्षी पलीकडच्या बेटांवरची जंगलं जळत होती आणि तो धूर आमच्या डोक्यावर येऊन बसला होता. सगळं गाव तोंडाला मास्क बांधून, फोनवर हवेचा आकडा बघत फिरत होतं. खिडक्या बंद, एसी चालू, कपड्यांना, उशांना, अगदी पोळ्यांना जळक्या लाकडाचा वास. अशा दिवसांत मी एकदा लवकर घरी आले तर हॉलभर जळका वास कोंदलेला, खिडक्या सताड उघड्या, आणि हा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन शांतपणे बसलेला.

"अरे, खिडक्या काय उघडल्यास?"

"बंद बंद वाटत होतं. जरा हवा येऊ दे म्हटलं."

असल्या हवेत कोण खिडक्या उघडतं? ज्याला घरातला कुठलातरी दुसरा वास घालवायचा आहे तो. मी बॅग न ठेवता घरभर फिरले. उशा हुंगल्या, सोफा हुंगला, त्याचा शर्टही हुंगला. सगळीकडे फक्त धूर. म्हणजे पुरावा पद्धतशीरपणे नष्ट केला होता.

राहता राहिली वरच्या मजल्यावरची बाई. ती इटलीची, म्हणजे इटलीच्या पश्चिमेला समुद्रात जे सार्डिनिया नावाचं बेट आहे तिथली. नवरा जहाजावर, महिनोन् महिने बाहेर. ती स्वतः इथल्या हॉटेलांना वाईन विकायची. उंच, कुरळ्या केसांची, साधारण माझ्याच वयाची, आणि हसली की खालच्या मजल्यांनाही कळायचं. कॉन्डोच्या पूलपाशी बार्बेक्यू झाला तेव्हा आमची ओळख झाली. दुसऱ्याच दिवशी तिने काचेच्या भांड्यातून कसलेसे बदामाचे लाडू पाठवले. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यातून शंकरपाळे पाठवले. तिच्याकडेही तीच रीत निघाली. मग ते भांडं वर-खाली, वर-खाली फिरतच राहिलं, आणि ते पोचवायचं काम नवऱ्याने न सांगता अंगावर घेतलं. घरात साधा पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारा माणूस शेजारणीचं भांडं घासूनपुसून वर घेऊन जायचा आणि बराच वेळ खाली यायचा नाही.

"एवढा वेळ काय करत होतास?"

"वाईनबद्दल सांगत होती."

वाईन! याच्या घराण्यात द्राक्षासवाच्या बाटलीलाही कपाटात मागे ठेवतात.

एका रविवारी दुपारी तिने आम्हा दोघांना वर बोलावलं. मी एका पायावर तयार झाले, कारण संशयितांना समोरासमोर बघण्याची संधी कामावर आम्हाला कधी मिळत नसे. तिच्या बाल्कनीतून समुद्र दिसायचा, नांगर टाकलेली जहाजं दिसायची. टेबलावर तीन ग्लास मांडलेले, तिन्हींत फिकट, जवळजवळ पाण्यासारखी वाईन. ती म्हणाली, तिन्ही एकाच द्राक्षाच्या आहेत. आमच्या सार्डिनियात त्याला व्हर्मेंटिनो म्हणतात. समोर लिगुरियाच्या किनाऱ्यावर त्यालाच पिगातो म्हणतात, फ्रान्सच्या दक्षिणेला रोल, आणि वर डोंगरांकडे पिएमोंतेत फाव्होरिता.

"फाव्होरिता म्हणजे?" मी विचारलं.

"फेव्हरिट," ती म्हणाली आणि हसली.

आवडती! म्हणजे मी कोण झाले ते सांगायला नको. मी नवऱ्याकडे पाहिलं तर तो समुद्राकडे बघत होता.

शिवाय चार नावं. मी तासगावकडची. वडिलांची द्राक्षबाग होती, बेदाणा करायचे. आमच्याकडेही थॉमसन द्राक्षाचाच गोतावळा निरनिराळ्या नावांनी फिरतो. कुठे तास-ए-गणेश, कुठे सोनाका, कुठे माणिक चमन. पण नाव वेगळं तर मणी तरी वेगळा असतो, कुठे लांब, कुठे गोल. एखाद्या रोपवाल्याने नवंच नाव पुढे केलं की वडील म्हणायचे, "आधी पान दाखव, मग नाव सांग." मीही तिला तेच विचारलं, पान आहे का? ती क्षणभर गोंधळली, मग फोनवर फोटो शोधून दाखवले. पानं सारखी वाटत होती खरी. ती म्हणाली, शास्त्रज्ञांनी तपासून ते एकच असल्याचं सांगितलंय, पण लिगुरियातली माणसं अजून मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, आमचा पिगातो तो पिगातोच.

मला लिगुरियातल्या माणसांबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

मग तिने एकेक ग्लास पुढे केला. हे द्राक्ष समुद्राजवळच खुलतं, पण जागा बदलली की वागणं बदलतं, असं तिचं म्हणणं. सार्डिनियात दगडाळ जमीन आणि सारखा खारा वारा, म्हणून तिथलं जिभेवर मीठ ठेवून जातं. लिगुरियात डोंगर थेट समुद्रात उतरतात, दगडी बांध घालून उतारावर बागा केल्यात, तिथल्याला रानातल्या पाल्याचा वास आणि गिळल्यावर मागे कडवटपणा. तिसरं कॉर्सिकाचं, म्हणजे सार्डिनियाच्या वरच्या बेटावरचं, ते अंगाने भरलेलं, पिकल्या फळाकडे झुकणारं. मी वास घेतला, घोट घेतला. मला तिन्ही आंबट लागले. एकाच माणसाने तीन ठिकाणी तीन स्वभाव दाखवले तर आमच्याकडे त्याचं खातं गोठवतात.

नंतर तिने ग्लासांची अदलाबदल करून नवऱ्यापुढे ठेवले. देवळावरून जाताना हात कपाळाला लावावा तसा त्याने ग्लास नाकाला लावल्यासारखा केला, घोट घेतला, डोळे मिटले. "लिगुरिया," तो म्हणाला. मग, "हे कॉर्सिका. आणि हे तुमचं." तिन्ही बरोबर! तेवढ्यावर न थांबता वर म्हणतो, "पांढरी फुलं. थोडी कैरी." ती टाळ्या वाजवायला लागली. माझ्या साडीला जांभळी म्हणावं की वांगी रंगाची हे न कळणारा माणूस पांढऱ्या फुलांबद्दल बोलत होता, आणि तेही तिच्याच इंग्रजीत, तिच्याच सुरात.

खाली आले ती आतून जळतच. हे शब्द एका रविवारात येत नाहीत. याची शिकवणी किती दिवस चालली होती? आणि शिकवणीत आणखी काय काय होतं? मला रडू येत होतं आणि रडण्याआधी मला खात्री करून घ्यायची होती.

मी एक सापळा रचला. शनिवारी मुलगी ट्यूशनला गेली की दुपारी घरात आम्ही दोघंच. सुपरमार्केटातून सार्डिनियाच्या व्हर्मेंटिनोची बाटली आणली. कपाटात केवड्याच्या अर्काची छोटी बाटली होती, टेक्का मार्केटातून सरबतासाठी आणलेली. वाईन ग्लासात ओतली आणि त्यात केवडा टाकला. थेंब टाकायचा होता, रागाच्या भरात जरा जास्तच पडला. माझा हिशोब सरळ होता. याला वाईन खरोखर कळत असेल तर ग्लास तोंडाजवळ नेतानाच ओरडेल, हे काय घातलंस म्हणून. आणि नुसते त्या बाईचे शब्द पाठ केले असतील तर पोपटासारखे म्हणून दाखवेल. मग मी विचारणार होते, की बाबा रे, वाईनचा गंध नाही तर इतके दिवस वर जाऊन नेमकं काय करत होतास?

"वरून पाठवलीय," मी म्हणाले. "ओळख बघू कुठली."

केवड्याचा वास एव्हाना हॉलभर झाला होता. गणपतीच्या दिवसांत पूजेच्या तबकाजवळ येतो तसा, त्याच्या दसपट. त्याने ग्लास उचलला, नाकाला लावला, घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"सार्डिनिया," तो म्हणाला. "खारट आहे ना मागे."

"आणि वास?"

"छान आहे. पांढरी फुलं."

सापडला! मी तोंड उघडलं. आणि तसंच ते उघडं राहिलं. कारण तो माझ्याकडे बघत होता, आणि गुन्हेगार बघतो तसं बघत नव्हता. तोंडी परीक्षा दिलेला मुलगा मास्तरांकडे बघतो तसं बघत होता, बरोबर आलं का म्हणून. माझं डोकं त्या केवड्याने दुखायला लागलं होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या वासाची एक रेघही नव्हती.

"तुला येत नाहीये?" मी विचारलं.

"काय?"

"वास."

त्याने ग्लास खाली ठेवला. ग्लासाची दांडी बोटांत फिरवली. मग म्हणाला, "नाही."

"कधीपासून?"

"तो ताप आला होता बघ, सर्दीचा. ताप गेला तेव्हा नाकही गेलं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणाले, येईल कदाचित परत. नाहीतर नाही येणार."

"मग त्या धुरात खिडक्या?"

"डोळे चुरचुरत होते. वाटलं लॅपटॉपमुळे. धूर ओसरलाय असं समजलो, वास कुठे येत होता?"

"आणि मी आले की दचकतोस ते?"

"तू येतेस त्याच्या आधी तुझा वास यायचा," तो म्हणाला. "केसांच्या तेलाचा, एमआरटीच्या गर्दीतल्या घामाचा, सगळ्याचा मिळून. पाठमोरा असलो तरी कळायचं. आता तू एकदम उगवतेस."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "तिला माहीत आहे?"

त्याने हो म्हणून मान हलवली. पूलपाशी बार्बेक्यू झाला तेव्हा तिने आणलेल्यातली एक बाटली बूच कुजून खराब झालेली होती. ज्यांनी ज्यांनी ग्लास उचलला त्यांनी तोंड वाकडं करून तो खाली ठेवला. हा पूर्ण पिऊन "व्हेरी नाइस" म्हणाला. तिच्या तेव्हाच लक्षात आलं. नाकावर पोट भरणारी बाई ती, तिने सरळ बाजूला घेऊन विचारलं, आणि याने सरळ सांगितलं.

"तिला सांगितलंस," मी म्हणाले. "मला नाही."

मला भयंकर संताप आला. तिचं-याचं काही असतं तरी एक वेळ परवडलं असतं. तिथे भांडता आलं असतं, बॅग भरून यिशुनला मैत्रिणीकडे जाऊन राहता आलं असतं. पण इतके महिने माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचं एवढं मोठं काहीतरी हरवलं होतं, आणि ते वरच्या मजल्यावर माहीत होतं, खालच्या नाही. याच्यावर कुठे जाऊन भांडायचं?

"तिला सांगून काही बिघडणार नव्हतं," तो म्हणाला. "तिला काय फरक पडतो? तुला सांगितलं असतं तर उद्यापासून तू कोणासाठी फोडणी दिली असतीस?"

मला उत्तर माहीत होतं, आणि त्यालाही.

मग तोच बोलत राहिला. जिभेला खारट, आंबट, कडू एवढं कळतं. म्हणून तिने शिकवायला हेच द्राक्ष घेतलं, कारण त्याची गावं थोडीफार जिभेवरही ओळखता येतात. समुद्रावरचं खारट, उताराचं कडू, तिसरं जड. बाकी पांढरी फुलं, कैरी वगैरे तिच्याकडून पाठ केलेलं. "वाटलं, एवढं जमलं तर तुझ्या आमटीबद्दलही कधीतरी काहीतरी खरं सांगता येईल. नुसतं छान छान म्हणून मलाच कंटाळा आला होता गं."

मी उठले. केवड्याची वाईन सिंकमध्ये ओतली, ग्लास घासला, बाल्कनीचं दार उघडलं. धुराचे दिवस संपले होते, बाहेरची हवा स्वच्छ होती. हॉलमधला केवडा जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. म्हणजे केवडा गेल्याचं मीच ठरवलं, तो माझ्या तोंडाकडे बघून वाट पाहत होता. मग मी बाटलीतली उरलेली वाईन दोन ग्लासांत ओतली.

त्याने घोट घेतला. "खारट आहे. आणि अगदी शेवटी किंचित कडू," तो म्हणाला. "मला एवढंच कळतं. वास कसा आहे?"

वास कसा आहे हे सांगायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. ते काम घरात त्याचं होतं.

"लिंबाचा," मी म्हणाले.

"लिंबाचा सगळेच म्हणतात. नीट सांग."

मी पुन्हा हुंगलं. "लिंबाचा नाही. पानाचा. लिंबाचं पान बोटांत चुरगळलं की येतो ना, तसा. आणि त्याच्या खाली..." मला शब्द सापडेना. "पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवतात बघ. तो वाळत असताना येतो तसा काहीतरी."

त्याने डोळे मिटून घेतले. तो ते आठवण्याचा प्रयत्न करतोय हे मला दिसत होतं.

"चटणी वाटून झाल्यावर धुतलेल्या पाट्याचा," तो म्हणाला, "की वाटायच्या आधी धुतलेल्या?"

मला नक्की सांगता येईना. मी परत ग्लासात नाक घातलं.